शब्दास शब्द

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अमेरिकेत माझ्या थोरल्या बहिणीकडे दोन महिने राहून आलो. कॅलिफोर्निया राज्याची राजधानी सॅक्रामेंटो हे तिचे गाव. परदेशी जाऊन आलेल्या मनुष्याने प्रवासवर्णन लिहावे असा आपल्याकडे शिरस्ताच पडून गेला आहे. परंतु मी तेथे पाहिले ते फारच थोडे. पहिल्या आठवड्यातच माझ्यावर एक कामगिरी येऊन पडली आणि तिच्यापायी माझ्या बहुतेक संध्याकाळी घरातच खर्ची पडल्या. ती कामगिरी म्हणजे मोठ्याने वाचण्याची.

माझी भाची तेथे न्यायालयीन लघुलेखकाच्या परीक्षेची तयारी करीत होती. कोर्टात वकील, साक्षीदार आणि न्यायाधीश जे जे बोलतात ते शब्दास शब्द टिपून घेणे, हा त्या लघुलेखकाचा उद्योग. "मामा, तू आयुष्यभर वर्गात बोलत आलास. मला रोज तासभर वाचून दाखवशील का?" असे तिने विचारले, तेव्हा मला मोठी धन्यता वाटली. प्रोफेसराला वाचावयास सांगणे म्हणजे पोहणाऱ्याला पाण्यात उतरावयास सांगणे! पण पहिल्याच दिवशी माझा अहंकार उतरला. तिला मिनिटास दोनशे शब्दांच्या गतीने वाचणारा मनुष्य पाहिजे होता; म्हणजे दर सेकंदास तीन शब्दांहून अधिक. घड्याळ समोर ठेवून मी वाचावयास लागलो आणि तिसऱ्या मिनिटाला मला धाप लागली. ती मात्र शांतपणे बोटे चालवीत होती.

शिवाय एकट्याच्या वाचनाने भागण्यासारखे नव्हते. त्या परीक्षेत चार माणसे बोलत असतात: न्यायाधीश, साक्षीदार आणि दोन बाजूंचे दोन वकील. कोण बोलले हेही लघुलेखकाने टिपावयाचे असते. तेव्हा रात्रीच्या जेवणानंतर आमच्या दिवाणखान्यात कोर्ट भरू लागले. मी फिर्यादीचा वकील झालो, भाऊजी प्रतिवादीचे वकील झाले आणि ताईने साक्षीदाराची भूमिका पत्करली. न्यायाधीश कोणी व्हावे याबद्दल थोडा वाद झाला. अखेर भाचीचा धाकटा भाऊ, वय वर्षे पंधरा, त्याला न्यायासनावर बसविण्यात आले, कारण त्याच्या वाट्याला बोलणे सर्वांत कमी होते. ताई साक्ष देताना मध्येच उठून दुधाखालचा गॅस बंद करून येई, आणि न्यायमूर्ती एका हाताने मोबाइल पाहात "हरकत मंजूर" म्हणून टाकीत. या गोंधळात माझ्या मनात एकदम डिकन्सचा डेव्हिड कॉपरफील्ड उभा राहिला. डेव्हिड लघुलेखन शिकू लागतो तेव्हा त्याचा मित्र ट्रॅडल्स त्याला भाषणे वाचून दाखवितो, आणि आत्याबाई व मिस्टर डिक सरकारपक्ष किंवा विरोधी पक्ष होऊन बसतात. ही कादंबरी मी कितीतरी वर्षे शिकवीत आलो. तो प्रसंग मी निव्वळ विनोदाचा म्हणून शिकवीत असे. डिकन्स स्वतः तरुणपणी कोर्टातला आणि पार्लमेंटातला लघुलेखक होता, त्याने हे स्वानुभवावरून लिहिले आहे, एवढी माहितीही मी विद्यार्थ्यांना देत असे. परंतु एखादा मनुष्य शिकत असतो तेव्हा त्याच्यासाठी घरातल्या कोणीतरी बसून वाचावे लागते, ही त्या प्रसंगातली खरी गोष्ट माझ्या कधी ध्यानातच आली नव्हती. का आली नव्हती, ते पुढे सांगेन.

भाचीचे ते यंत्र पाहण्यासारखे आहे. टंकलेखन यंत्राप्रमाणे त्यात एकेक अक्षर दाबीत जावयाचे नसते. अवघ्या बावीस कळा आणि अंकांसाठी एक आडवी पट्टी, एवढाच त्याचा संसार. डाव्या हाताने शब्दाच्या आरंभीची व्यंजने, अंगठ्यांनी स्वर, उजव्या हाताने शेवटची व्यंजने, आणि हे सारे एकाच दाबात. पेटीवाला तीनचार सूर एकदम दाबतो, तसा एका आघातात एक उच्चार, कधी अख्खा शब्द, तर कधी दोनचार शब्दांचा समूह कागदावर किंवा पडद्यावर उमटतो. मात्र जे उमटते ते तुम्हां-आम्हांस वाचता येत नाही. पुष्कळशा खुणा त्या त्या लघुलेखकाने स्वतः ठरविलेल्या असतात. ही विद्या इतकी खासगी आहे म्हणूनच, मला वाटते, तिच्यावर एवढा सार्वजनिक पहारा आहे.

तो पहारा कसा आहे ते मी भाचीकडूनच हळूहळू समजून घेतले. कॅलिफोर्नियात हा धंदा वाटेल त्याला करता येत नाही. १९५१ साली त्या राज्याने प्रमाणित लघुलेखकांसाठी एक मंडळ स्थापन केले. त्या मंडळाचा परवाना नसेल तर कोर्टातले टिपण करता येत नाही. परीक्षेस बसण्यासाठीही मान्य शाळेतले शिक्षण, प्रत्यक्ष कामाचा अनुभव किंवा तत्सम प्रमाणपत्र दाखवावे लागते. परीक्षेचे भाग तीन: एक इंग्रजी भाषेचा, दुसरा धंद्याच्या नियमांचा आणि तिसरा प्रत्यक्ष लेखनाचा. या तिसऱ्या भागात पुष्कळांचे तारू फुटते. दहा मिनिटे, चार आवाज, मिनिटास दोनशे शब्द, आणि शेकडा साडेसत्त्याण्णव बिनचूक. हिशेब केला म्हणजे दोन हजार शब्दांत पन्नास चुका माफ. एकावन्नावी झाली की पुन्हा पहिल्यापासून. शब्द गाळला तर चूक, बदलला तर चूक आणि पदरचा घातला तरी चूकच. परीक्षा उतरल्यावर मंडळाकडून एक क्रमांक मिळतो. पुढे प्रत्येक प्रतीखाली लघुलेखकाने सहीबरोबर तो क्रमांक लिहावयाचा आणि परवान्याचे नूतनीकरण दरवर्षी करीत राहावयाचे.

ही झाली राज्याची नोंदणी. याखेरीज लघुलेखकांची स्वतःची एक राष्ट्रीय संस्था आहे. ती १८९९ साली शिकागो येथे स्थापन झाली. तिची परीक्षा निराळी आहे. तीत निबंधवजा मजकूर मिनिटास १८० शब्दांनी, ज्यूरीला केलेला उपदेश २०० शब्दांनी आणि साक्षीतली प्रश्नोत्तरे २२५ शब्दांनी, अशी पाच-पाच मिनिटे घ्यावयाची; प्रत्येकात शेकडा पंचाण्णव बिनचूक. कित्येक राज्ये या संस्थेचे प्रमाणपत्र आपल्या परीक्षेच्या जागी मान्य करतात, कित्येक आपली परीक्षा घेतात, आणि काही राज्यांत परवान्याची अटच नाही. संस्थेचे प्रमाणपत्र टिकवावयाचे तर तिचे सभासदत्व चालू ठेवावे लागते आणि दर तीन वर्षांत तीस तासांचे शिक्षण घेतल्याचा पुरावा द्यावा लागतो. नोंदणी आणि सभासदत्व यांतला भेद मला पहिल्याने कळेना. पुढे विचार करता असे वाटले की, नोंदणी म्हणजे राज्याने लोकांना दिलेला शब्द आणि सभासदत्व म्हणजे धंद्यातल्या माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द. पहिल्याने लबाड मनुष्य दाराबाहेर राहतो, दुसऱ्याने चांगला मनुष्य अधिक चांगला होत राहतो.

हे सर्व ऐकून माझी पहिली प्रतिक्रिया काय झाली, ते सांगावयास मला आज संकोच वाटतो. मी म्हणालो, "दुसऱ्याचे बोलणे उतरवून घ्यायचे, त्यासाठी एवढे अवडंबर? वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते, हे मी समजू शकतो. पण टिपणाऱ्याला?" भाची काही बोलली नाही. ताईने मात्र माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी वाक्य अर्धेच सोडले. कारण आमचे वडील कोर्टात लघुलेखक होते.

अण्णांनी एका जिल्ह्याच्या गावी कोर्टात तीस वर्षांहून अधिक नोकरी केली. न्यायाधीश निकाल सांगत आणि अण्णा तो पिटमनच्या लघुलिपीत घेत. आयझॅक पिटमनने ही पद्धती १८३७ साली प्रसिद्ध केली. जाड रेघ आणि बारीक रेघ, ओळीच्या वर, ओळीवर आणि ओळीखाली, बाजूला स्वराचा ठिपका किंवा आडवी खूण, असे तिचे शास्त्र. अण्णांची पेन्सिल इतकी हलकी चाले की कागदाला तिचा भार कळू नये. संध्याकाळी घरी आल्यावर ते पेन्सिली तासून दुसऱ्या दिवसासाठी ओळीने लावून ठेवीत. त्यांना कोणत्या संस्थेचे सभासदत्व नव्हते, कोणता क्रमांक नव्हता. सरकारी परीक्षेचे एक प्रमाणपत्र होते. ते काचेच्या चौकटीत घालून देवघराच्या बाहेरच्या भिंतीवर लावलेले असे.

मला त्या प्रमाणपत्राची लाज वाटे. माझ्या वर्गातल्या दोघा मुलांचे वडील वकील होते आणि एकाचे डॉक्टर. "तुझे वडील काय करतात?" असे कोणी विचारले की मी "कोर्टात असतात" एवढेच सांगे, आणि पुढचा समज ऐकणाऱ्यावर सोपवी. हे खोटे नव्हते. पण साक्षीत असे उत्तर कोणी दिले असते तर अण्णांनी ते जसेच्या तसे टिपले असते आणि न्यायाधीशांनी भुवया उंचावल्या असत्या.

मी बारा वर्षांचा असताना अण्णा मराठी लघुलेखनाच्या परीक्षेला बसावयाचे होते. इंग्रजीची परीक्षा पूर्वीच झालेली होती. राज्यकारभारात मराठी येत चालली होती. तेव्हा बढती मिळवावयाची तर मराठीही पाहिजे होते. सरावासाठी कोणीतरी एका गतीने वाचून दाखवावयास हवे होते. ताईला स्वयंपाकघरातून सवड नसे. आईचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले, तिचे वाचन अडखळत चाले. म्हणून अण्णांनी मला विचारले. दिवेलागणीनंतर वर्तमानपत्रातला अग्रलेख मी मोठ्याने वाचावा, त्यांनी हातातले घड्याळ काढून माझ्यासमोर ठेवावे आणि स्वतः मांडीवर वही घेऊन बसावे, असा क्रम आठदहा दिवस चालला. एका संध्याकाळी वकिलांचा मुलगा माझ्याकडे आला. अण्णा वही घेऊन बसलेले, घड्याळ पुढे मांडलेले. हे काय चालले आहे, असे त्याने विचारले. मी अण्णांना म्हणालो, "आज मला अभ्यास आहे." अण्णा म्हणाले, "बरं," आणि त्यांनी घड्याळ उचलून मनगटावर बांधले. त्यानंतर त्यांनी मला पुन्हा कधी विचारले नाही, आणि मीही आपण होऊन वाचावयास बसलो नाही. त्या वर्षी ते परीक्षेत नापास झाले. पुढल्या वर्षी पास झाले. मधल्या वर्षभर आई त्यांना वाचून दाखवी. तिचे अडखळणे कमी कमी होत गेल्याचे मी पलीकडच्या खोलीतून ऐकत असे.

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती. डेव्हिड कॉपरफील्डमधला तो प्रसंग मला नुसता विनोदी का वाटत असे, त्याचे कारण आता वाचकांच्या ध्यानात येईल. मनुष्याला जे पाहावयाचे नसते ते छापील पुस्तकातही दिसत नाही.

दुसरी गोष्ट पुष्कळ वर्षांनंतरची. मी प्राध्यापक झालो होतो, अण्णा सेवानिवृत्त होऊन माझ्याकडे राहात होते. एका पावसाळी संध्याकाळी मी रस्त्याने जात असता माझ्यादेखत एका टेम्पोने सायकलवाल्याला धक्का दिला. सायकलवाला वाचला, पण त्याच्या पायाला कायमचे अपंगत्व आले. यथावकाश मला साक्षीचे समन्स आले. टेम्पो वेगात होता काय, असे मला विचारण्यात आले. मी म्हणालो, "मला वेगात असल्यासारखा वाटला, पण पाऊस फार होता आणि मी छत्रीखाली होतो, त्यामुळे नक्की सांगता येणार नाही." आपल्याकडील रीतीप्रमाणे माझ्या उत्तराचे तात्पर्य कारकुनाला सांगण्यात आले. साक्ष संपल्यावर कागद माझ्यापुढे आला. त्यात लिहिले होते: टेम्पो वेगात होता. पाऊस होता. मी छत्रीखाली होतो.

माझा एकही शब्द खोटा लिहिलेला नव्हता. "वाटला" आणि "नक्की सांगता येणार नाही" एवढे काय ते गळले होते. मी क्षणभर थांबलो. मागे माणसे ताटकळत होती, कारकुनाने पेन पुढे केले होते आणि मला कॉलेजात तास होता. मी सही केली.

घरी आल्यावर अण्णांनी विचारले, "काय सांगितलंस?" मी सांगितले. "आणि काय लिहिलं गेलं?" मी तेही सांगितले. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मग सही का केलीस?"

एवढेच. तीस वर्षे दुसऱ्यांचे शब्द सांभाळलेल्या मनुष्याचा मुलगा स्वतःचे दोन शब्द सांभाळू शकला नाही, असे ते म्हणाले नाहीत. पण मला ते ऐकू आले. त्या टेम्पोचालकाचे पुढे काय झाले ते मी कधी विचारले नाही. तो सुटला असेल, अशी मी माझी समजूत घालीत आलो आहे. आणि ही समजूत मला जितकी सोयीची वाटते तितकीच ती संशयास्पद आहे.

या प्रसंगाचा दोष कोणा एका न्यायाधीशावर किंवा कारकुनावर ढकलण्याचा माझा हेतू नाही. आपली रीतच तशी आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे लहान खटल्यांत मॅजिस्ट्रेटाने साक्षीतला मुख्य आशय टिपावा, आणि सत्र न्यायालयातही साक्ष सामान्यतः प्रश्नोत्तररूपाने न घेता निवेदनरूपाने घ्यावी, अशी योजना होती. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही हा सांप्रदाय मोडलेला नाही. त्यात शहाणपणही आहे. साक्षीदार भरकटतात, वकील एकच प्रश्न दहादा विचारतात. हे सारे शब्दशः लिहीत बसले तर कागदांचे डोंगर उभे राहतील, आणि आधीच लांबणीवर पडलेले खटले नातवंडांच्या काळात निकालात निघतील. अनुभवी न्यायाधीश फोलकट पाखडून दाणा तेवढा ठेवतो. पण "मला वाटते" हे फोलकट की दाणा, हे ठरवावयाचे कोणी? बोलणाऱ्याच्या मनातली शंका हाच कित्येकदा त्याच्या साक्षीतला सर्वांत प्रामाणिक भाग असतो, आणि पाखडताना पहिल्याने उडून जातो तो तोच.

शब्दशः टिपणाची किंमत आपल्या लोकांना मुळीच ठाऊक नाही असेही नाही. म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या ऐकीव गोष्टी लिहाव्यात तशा लिहिल्या नाहीत. ज्याने जे पाहिले-ऐकले त्याच्याकडून ते मिळवावयाचे आणि नागदेवाचार्यांकडून त्याची शहानिशा करून घ्यावयाची, अशी त्यांची रीत होती. सातशे वर्षांपूर्वीच्या या मनुष्याला कोणत्याही मंडळाचा परवाना नव्हता. पण शेकडा साडेसत्त्याण्णवाची कसोटी त्याने आपली आपणच लावून घेतली होती, असे म्हणावयास हरकत नाही. अलीकडचे उदाहरण लोकमान्यांचे. १९०८ च्या जुलैत मुंबईच्या हायकोर्टात टिळकांनी स्वतःचा बचाव करताना एकवीस तासांहून अधिक भाषण केले. त्या खटल्याचा अधिकृत शब्दशः वृत्तांत न. चिं. केळकरांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केला. शिक्षा ऐकण्यापूर्वी टिळक जे थोडे बोलले ते त्याच हायकोर्टात संगमरवरावर कोरले गेले, आणि १९५६ साली मुख्य न्यायाधीश छागला यांनी त्या शिलालेखाचे अनावरण केले. संगमरवरापूर्वी ते शब्द कोणाच्या तरी कागदावर उतरले होते. शिलालेखापुढे आपण नमस्कार करतो. कागदावर उतरविणाऱ्याचे नाव विचारीत नाही. टिळकांच्या भाषणाचा आशय तेवढा टिपलेला असता, तर संगमरवरावर काय कोरले असते?

मी हे बोललो तेव्हा भाऊजींनी एक रास्त शंका काढली. ते म्हणाले, आता ध्वनिमुद्रण करणारी यंत्रे आहेत, बोललेले आपोआप लिहून काढणारी यंत्रे आहेत. मग या पोरीने डोळे आणि बोटे का झिजवावीत? भाचीने उत्तर दिले ते मला पटले. ती म्हणाली, दोन माणसे एकदम बोलली किंवा साक्षीदार तोंडातल्या तोंडात बोलला, तर यंत्र जे ऐकू येईल ते घेते आणि पुढे जाते. मी हात वर करते आणि पुन्हा सांगा म्हणते. आणि प्रतीखाली यंत्र सही करीत नाही. चूक झाली तर विचारायचे कोणाला?

तरी या कडक व्यवस्थेची दुसरी बाजूही आहे, आणि ती लपविणे हा शब्द गाळण्याचाच प्रकार होईल. परीक्षा कठीण म्हणून उतरणारे थोडे. उतरणारे थोडे म्हणून लघुलेखकांची टंचाई. टंचाई असली म्हणजे ज्याच्याजवळ पैसा आहे तो पक्षकार खासगी लघुलेखक आणतो, आणि ज्याच्याजवळ नाही त्याच्या खटल्याचे शब्दशः टिपणच होत नाही. टिपण नाही तर अपिलात दाखवावयाचे काय? कॅलिफोर्नियातच जेमसन नावाच्या एका कैद्याने तुरुंगातल्या डॉक्टरवर हयगयीचा दावा लावला होता. गरिबीमुळे त्याला कोर्टाची फी माफ झालेली होती. पण त्या न्यायालयाने खर्चाच्या ओढाताणीमुळे अशा दाव्यांना लघुलेखक देणे बंद केले होते. दावा फेटाळला गेला, आणि अपिलात टिपण नाही म्हणून तेथेही त्याला दाद मिळाली नाही. अखेर २०१८ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की फी माफ झालेल्या पक्षकाराने मागितल्यास कोर्टाने त्याला फुकट लघुलेखक, किंवा अधिकृत टिपणाची अन्य मान्य सोय, दिलीच पाहिजे. २०२२ साली त्या राज्याने कळांऐवजी स्वतःच्या आवाजाने टिपण करणाऱ्यांनाही परवान्याचे दार उघडले. त्यांनाही कसोटी आहेच. दाराची उंची कमी न करता दारे वाढवावीत, हा मार्ग मला समंजस वाटतो. उंबरठा फार उंच झाला तर गरीब बाहेर राहतो हे खरे. पण उंबरठाच नसला तर त्याचे शब्द वाऱ्यावर जातात, हेही तितकेच खरे.

माझे दोन महिने संपले. निघण्याच्या आदल्या रात्री भाचीने मला एक विनंती केली. आजोबांच्या लघुलिपीच्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत, हे तिने आईकडून ऐकले होते. तिला त्यांतली एक पाहिजे होती. मी म्हणालो, "तुला ती वाचता यायची नाही. मलाही येत नाही." ती म्हणाली, "माहीत आहे मला. माझं आजोबांना तरी कुठं वाचता आलं असतं?"

घरी आल्यावर मी वह्यांचे गाठोडे सोडले. बहुतेक वह्या कामाच्या. एकीवर मात्र अण्णांच्या वळणदार अक्षरात "सराव, मराठी" असे लिहिलेले होते. तीत प्रत्येक पानाच्या माथ्यावर तारीख होती आणि तारखेशेजारी वाचणाऱ्याचे नाव. अशी नोंद ठेवण्याची त्यांना सवयच होती. पहिल्या नऊ पानांवर माझे नाव होते. दहाव्या पानावर तारीख होती, आणि खाली पान कोरे होते. अकराव्यापासून शेवटपर्यंत आईचे नाव. ते कोरे पान त्यांनी फाडले नव्हते, त्यावर दुसरे काही लिहिलेही नव्हते. जे घडले त्यात त्यांनी काही गाळले नाही आणि पदरचे काही घातले नाही.

ती वही मी भाचीला पाठविली.

मागच्या महिन्यात तिची परीक्षा झाली. सत्तावन्न चुका, म्हणजे सात अधिक. तिने दूरध्वनीवर आकडा सांगितला तेव्हा तिचा आवाज क्षणभर हलला, पण आकडा तिने नीट सांगितला. आता ती पुन्हा बसणार आहे. सध्या रोज सकाळी साडेसहाला, तिच्याकडे संध्याकाळचे सहा वाजतात त्या वेळी, मी मोबाइल समोर टेकवून ठेवतो, अण्णांचे जुने घड्याळ शेजारी मांडतो आणि वाचावयास लागतो. मिनिटास दोनशे शब्दांना आता मला धाप लागत नाही. कधी कधी फिरावयास निघालेले एखादे स्नेही त्या वेळी दारात येतात आणि हे काय चालले आहे, असे विचारतात. मी त्यांना खूण करून खुर्ची दाखवितो आणि वाचन पुढे चालू ठेवतो.